समासातला प्रश्न

काही वर्षांपूर्वी रविवारची मिस्सा आटोपून चर्चच्या आवारात उभी असता आमच्या धर्मग्रामातील एक माता माझ्याजवळ आल्या. त्यांच्या कन्येने समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नुकताच प्रवेश घेतला होता. “बाई, कॉलेज म्हणजे पुस्तके आणि परीक्षा, एवढे आम्हाला समजते,” त्या म्हणाल्या. “पण आठवड्यातले दोन दिवस ही मुलगी झोपडपट्टीत जाते, संध्याकाळी धुळीने माखून येते आणि रात्री बारापर्यंत लिहीत बसते. तिथे हिला शिकवतो तरी कोण?”

मी त्यांना काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. क्षेत्रकार्य म्हणतात त्याला, डॉक्टरला जसा वॉर्ड तसा समाजकार्यकर्त्याला वस्तीचा अनुभव लागतो, असे काहीसे बोलले. त्यांचे समाधान झाले असावे, माझे झाले नाही. आयुष्याची चोवीस वर्षे मी मुंबईतील वस्त्यांमधून विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य पाहिले, आणि “तिथे शिकवतो कोण?” हा प्रश्न मी स्वतःला नीटपणे विचारला तो एकदाच, १९९६ साली. तोही एका बाईचे घर मोडल्यानंतर.

गरिबाच्या घरी जाण्याचा पहिला धडा मला महाविद्यालयात नव्हे, वसईत मिळाला. माझे वडील सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद होते. ठरलेल्या दिवशी ते आणखी एका सभासदाला बरोबर घेऊन नेमून दिलेल्या घरी जात. एकट्याने जायचे नाही, हा नियम. कधीमधी मीही मागे लागे. दाराशी पोहोचण्यापूर्वी वडील हळूच बजावत, “बाय, आत गेल्यावर इकडेतिकडे बघत बसू नकोस.” तांदळाची पिशवी दाराआड ठेवली जाई आणि मग पावसावर, वाडीवर, आजारी म्हातारीवर गोष्टी होत. पिशवीचा उल्लेख कोणीच करत नसे. पुढे अभ्यास करताना कळले की ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये स्थापन करणारे धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम हे त्या वेळी वीस वर्षांचे विद्यार्थीच होते. त्यांना आणि त्यांच्या मित्रांना गरिबांच्या घरची वाट दाखवली ती सिस्टर रोझाली रेंदू या धर्मभगिनीने. भेट द्यावयाची कुटुंबे तिनेच सुचवली आणि तिथे कसे वागावे तेही तिनेच शिकवले. क्षेत्रकार्याचे पर्यवेक्षण हा शब्द जन्मण्याआधीची ती पर्यवेक्षिकाच म्हणायची.

अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी १८९७ साली अशा कामासाठी रीतसर प्रशिक्षणशाळा हवी अशी मागणी केली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वर्ग सुरू झाला. आपल्याकडे १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पहिली शाळा निघाली, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपास आली. १९५५ साली मुंबईतच डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या संस्थेच्या भगिनींनी निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय काढले. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान राहिली. वर्गात शिकवलेले विद्यार्थ्याने लगोलग वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात नेऊन ताडून पाहावयाचे. मी ज्या संस्थेत शिकवले तिचे नाव येथे देत नाही. पुढील हकिगत माझ्या चुकीची आहे, संस्थेची नव्हे.

पहिले तीन आठवडे मी विद्यार्थ्यांना कोणाशी मुद्दाम बोलू देत नसे. नुसते फिरायचे. नळ कोठे आहे, पाणी किती वाजता येते, हंडे रांगेत आहेत की माणसे? रेशनच्या दुकानाची पाटी कधी उघडी दिसते? पिठाच्या गिरणीपाशी कोण बसते, दारूच्या गुत्त्यावरून वळसा घालून कोण जाते? हे सारे पाहून वस्तीचा नकाशा हाताने काढायचा. पहिल्या नकाशात सर्वांनाच बालवाडी आणि समाजमंदिर दिसे, संडास क्वचितच कोणाच्या नकाशात असे. मग मी विचारी, “या वस्तीतल्या बायका पहाटे कोठे जातात?” दुसऱ्या नकाशात रेल्वेचे रूळ उमटत.

याच काळात विशेषणांवर बंदी असे. ‘गलिच्छ वस्ती’, ‘अज्ञानी माता’, ‘बेजबाबदार पती’ असे शब्द लेखनात आले की मी त्यांच्याखाली रेघ ओढून कागद परत करी. तू काय पाहिलेस ते लिही, तुला काय वाटले ते नंतर बघू. मुले चिडत. एका मुलाने रागाने लिहून आणले, “गटार होते. गटारात कोंबडी होती. कोंबडी जिवंत होती.” त्या वर्षीचे सर्वोत्तम निरीक्षण तेच होते, असे मी आजही म्हणेन.

चौथ्या आठवड्यापासून घरभेटी सुरू होत, आणि त्या मातेने पाहिलेले रात्रीचे लेखनही. आम्ही त्याला नुसते ‘रेकॉर्डिंग’ म्हणत असू. वहीच्या पानाचे तीन भाग पाडायचे. पहिल्या भागात संवाद, शक्य तितका शब्दशः: ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, मध्ये कोण आले, केव्हा शांतता पसरली. दुसऱ्या भागात त्या त्या क्षणी माझ्या मनात काय चालले होते. तिसरा समास माझ्यासाठी कोरा. शेवटी पुढील भेटीत काय करणार याचा आराखडा. हे सर्व त्याच रात्री लिहायचे, कारण सकाळपर्यंत स्मरणशक्ती आपल्या बाजूने साक्ष देऊ लागते. बाईने विचारलेला अडचणीचा प्रश्न गळतो आणि आपण न दिलेले शहाणे उत्तर हळूच आत शिरते.

अशी शिरलेली उत्तरे ओळखायला मी शिकले होते. पुस्तकी मराठीत बोलणारी धुणेवाली भेटली की समजावे, येथे विद्यार्थिनी बोलते आहे. “मला माझ्या हक्कांची जाणीव झाली,” असे कोणतीही बाई चुलीपुढे बसून म्हणत नाही. पण दुसरा रकाना खोटा लिहिणे कठीण असते. तिथे कधी एखादीच ओळ असे, “मला तिच्या घरातला चहा प्यावासा वाटला नाही आणि त्याची लाज वाटली.” अशा एका ओळीवर आमचा पुढचा तास सत्कारणी लागे.

तो तास म्हणजे वैयक्तिक चर्चा. मुलांच्या भाषेत ‘आय. सी.’ दर सोमवारी, दार लोटून, एका वेळी एक विद्यार्थी. माझी पद्धत ठरलेली होती. समासात लाल शाई नाही, पेन्सिल, आणि पेन्सिलीनेही शेरा नाही, फक्त प्रश्न. ‘येथे ती गप्प का झाली असेल?’ ‘हे तू कोणासाठी विचारलेस?’ चर्चेतही उत्तर मी द्यायचे नाही. विद्यार्थी गप्प राहिला तर मीही गप्प राहायचे. खिडकीबाहेरच्या लोकलचा आवाज ऐकत आम्ही पाच पाच मिनिटे बसलेलो आहोत. सांगितलेले विसरते, सापडलेले टिकते, यावर माझा विश्वास होता. आजही आहे, पण आता त्याला एक पुस्ती जोडावी लागते.

या विश्वासाला ग्रंथांचाही आधार होता. फेलिक्स बिस्टेक या जेज्वीट फादरांचे १९५७ सालचे पुस्तक आम्हा सर्वांना मुखोद्गत होते. माणसाचा न्यायनिवाडा करू नये, त्याचा निर्णय त्याला घेऊ द्यावा, त्याने सांगितलेले आपल्यापाशीच ठेवावे, ही त्यांची तत्त्वे मी विद्यार्थ्यांना शिकवी आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत स्वतःही पाळी. त्यांचा निर्णय त्यांना घेऊ देई. दुसऱ्या होत्या बर्था रेनॉल्ड्स. १९४२ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी शिकणाऱ्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत. पहिली, स्वतःच्याच हातापायांची जाणीव होऊन अवघडण्याची. दुसरी, बुडेन की तरेन अशी धडपडण्याची. तिसरीत परिस्थिती समजते, पण हातून तसे घडत नाही. मग येते बेताचे प्रभुत्व, आणि शेवटी दुसऱ्याला शिकवण्याची पात्रता. या दुसऱ्या अवस्थेवर माझे विशेष प्रेम होते. पाण्यात पडू द्या, हातपाय मारू द्या, असे मी सहकाऱ्यांना सांगत असे. त्या पाण्यात विद्यार्थ्याबरोबर आणखी कोणी असते, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

१९९६ च्या पावसाळ्यात माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती. नाव सांगत नाही, ते सांगू नये हेच तर आम्ही शिकवत आलो. हुशार, तळमळीची, वेळेआधी वस्तीत पोहोचणारी. पूर्व उपनगरातील रुळांलगतच्या एका वस्तीत ती एका कुटुंबाला भेटत होती. नवरा बिगारी, पिणारा आणि मारणारा. बायको चार घरची धुणीभांडी करणारी. मोठा मुलगा पालिकेच्या शाळेत पाचवीत, धाकटी मुलगी तीन वर्षांची. सहाव्या भेटीत त्या बाईने आपल्या दंडावरचा वळ दाखवला.

शुक्रवारी दुपारी तिचे रेकॉर्डिंग माझ्या टेबलावर आले. शेवटच्या पानावर लिहिले होते, “कायदा स्त्रीच्या बाजूने आहे हे मी तिला समजावले. तिला पटले. ती हो म्हणाली. शनिवारी मला सुट्टी आहे, तेव्हा तिला घेऊन पोलीस चौकीत तक्रार देणार.” मी मागची पाने चाळली. साऱ्या संभाषणात बाईची वाक्ये होती ती एवढीच: “हं.” “हो ताई.” “बघू.” “हो.” मध्ये एकदा ती उठून रॉकेलचा डबा शोधू लागली होती.

काय घडणार ते मला दिसत होते. अगदी सगळे नाही, पण पुरेसे. मी पेन्सिल घेतली आणि समासात लिहिले, ‘तिला पटले हे तुला कसे कळले?’ प्रश्न चांगला होता. माझ्या पद्धतीतला उत्तम नमुनाच. मग वही मिटून सोमवारच्या ढिगात ठेवली. मुलीच्या वसतिगृहात फोन होता, माझ्या टेबलावरही फोन होता. तो मी उचलला नाही. मनात काय होते तेही सांगते, कारण दुसरा रकाना कोरा सोडणे मला शोभणार नाही. मला वाटले, चौकीत कोणी दाद देणार नाही, ही हिरमुसून परत येईल, आणि सोमवारी माझ्या प्रश्नापाशी आपोआप पोहोचेल. चुकू दे, शिकेल.

चौकीत दाद मिळाली, हेच दुर्दैव. हवालदाराने अदखलपात्र तक्रार नोंदवली, संध्याकाळी नवऱ्याला बोलावून दम दिला आणि सोडून दिले. त्या रात्री त्याने बाईला आणि धाकटीला बाहेर काढून दाराला कुलूप घातले. खोली त्याच्या नावावर होती. रात्र तिने शेजारणीकडे काढली आणि रविवारी गाडीत बसून जालना जिल्ह्यातल्या आपल्या भावाचे गाव गाठले. मुलगा बापापाशी राहिला. आठवड्याभरात त्याची शाळा सुटली आणि तो चहाच्या टपरीवर कपबशा विसळू लागला.

सोमवारी विद्यार्थिनी चर्चेला आली ती समाधानाने फुललेली. मंगळवारी वस्तीत गेली आणि तिला कुलूप दिसले.

येथे कायद्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. विवाहितेच्या छळाला शिक्षा सांगणारे कलम ४९८ अ हे १९८३ साली भारतीय दंड संहितेत आले होते, म्हणजे कायदा बाईच्या बाजूने आहे हे विद्यार्थिनीचे म्हणणे खोटे नव्हते. पण नवऱ्याच्या नावावर असलेल्या घरात राहण्याचा स्पष्ट हक्क पत्नीला देणारा, कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि २००६ च्या ऑक्टोबरात अमलात आला. १९९६ मध्ये तक्रार करणाऱ्या बाईने रात्री झोपायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर कायद्याकडे नव्हते. ते आधी शोधून ठेवणे हे कार्यकर्त्याचे काम होते. मुंबईच्या पोलीस दलात १९८४ पासून टाटा संस्थेने सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष होता आणि तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसत. त्यांचा सल्ला घेऊन मग पाऊल टाकता आले असते. विद्यार्थिनीला हे ठाऊक नव्हते. मला होते.

गटचर्चेत त्या आठवड्यात आम्ही भूमिका करून पाहिल्या. तिलाच मी ती बाई व्हायला सांगितले. दुसरी मुलगी झाली समाजकार्यकर्ती. समोर रिकामा डबा ठेवला, आणि बाईला एवढेच सांगितले की रॉकेलची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आहे. ताई कायदा समजावू लागली. आमची विद्यार्थिनी एकदा डब्याकडे, एकदा दाराकडे बघत होती. “हो ताई,” ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, “हो.” आणि एकाएकी थांबली. “मॅडम, ती मला घालवत होती,” ती म्हणाली आणि रडू लागली. वर्गात कोणी बोलले नाही. समासातला प्रश्न मी तिला विचारावा लागलाच नाही.

शिक्षणाच्या दृष्टीने तो तास अपूर्व होता. सहकाऱ्यांनी तसे म्हटलेही. मी मात्र घरी जाताना लोकलमध्ये विचार करत होते की हाच खेळ, हाच डबा, मी शुक्रवारी संध्याकाळी मांडला असता तर? मुलीला एवढेच कळले असते, कदाचित थोडे कमी खोलवर कळले असते. आणि जालन्याचे तिकीट कोणालाही काढावे लागले नसते. माझ्या विद्यार्थिनीच्या धड्याची फी एका पाचवीतल्या मुलाने भरली होती.

त्यानंतर माझ्या पद्धतीत काही बदल झाले. रेकॉर्डिंग हाती येताच मी शेवटचे पान आधी वाचू लागले. पुढे काय करणार, ते. कुटुंबाला पुसून टाकता येणार नाही असे पाऊल त्यात असेल, म्हणजे पोलीस, कोर्ट, घर सोडणे, मूल संस्थेत घालणे, तर सोमवारची वाट न पाहता त्याच दिवशी फोन. अशा पावलाला विद्यार्थ्याने एकट्याने जायचे नाही, मी किंवा संस्थेतील अनुभवी कार्यकर्ती सोबत जाणार. वडिलांच्या सोसायटीचा दोघांनी जाण्याचा नियम मला एवढ्या उशिरा आठवला. काही सहकाऱ्यांना हे रुचले नाही. विद्यार्थी परावलंबी होतील, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नव्हते असे नाही. माझ्याबरोबर आलेली मुले पहिल्या एकदोन भेटींत माझ्या तोंडाकडे बघत बसत. पण त्यांनी मला अडखळतानाही पाहिले, एका अधिकाऱ्यासमोर शब्द न सुचून गप्प झालेलेही पाहिले, आणि बाहेर पडल्यावर, “मॅडम, तेव्हा तुमच्या मनात काय होते?” असे विचारले. दुसरा रकाना मलाही भरावा लागला. पेन्सिलीतले प्रश्न मी सोडले नाहीत. विद्यार्थ्याची चूक जेथे विद्यार्थ्यालाच भोवते तेथे मी आजही पाच मिनिटे गप्प बसेन.

बेल्जियमचे फादर कार्डाइन यांची ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही त्रिसूत्री आपल्या युवक चळवळींतून अनेकांच्या परिचयाची आहे. पोप जॉन तेविसावे यांनी १९६१ च्या परिपत्रकात तिचा पुरस्कार केला. विद्यार्थी पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतात, असे मी वर्गात तक्रारीच्या सुरात सांगत असे. त्या शुक्रवारी मी स्वतः पाहिले, पारखले आणि तेथेच थांबले.

ती बाई चार महिन्यांनी परतली. भावजयीने आणखी ठेवून घेतले नाही, आणि मुलासाठी जीव तुटत होता. नवऱ्याने घरात घेतले. कोणत्या अटींवर ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. जानेवारीतल्या एका दुपारी मी एकटीच तिच्याकडे गेले. विद्यार्थिनीला नेले नाही, क्षमा मागायची होती ती माझी होती. दाराशी उभी राहून मी सांगू लागले की ती मुलगी शिकाऊ होती, तिला थांबवणे माझे काम होते आणि ते मी केले नाही.

तिने पुरते ऐकून घेतले. मग म्हणाली, “बाई, त्या ताईला नापास तर नाही ना केलं? पोरगी चांगली होती. माझ्यासंगं चौकीत उभी राहिली. आजवर कुणी राहिलं नव्हतं.”

नापास केले नाही, असे मी सांगितले. “बरं झालं,” ती म्हणाली. मला वडिलांचे शब्द आठवले आणि मी इकडेतिकडे पाहिले नाही, तरी टपरीवरून आलेला मुलगा कोपऱ्यात बसलेला दिसलाच. बाईने त्याच्याकडे बोट दाखवले. शाळेचे हेडमास्तर चार महिन्यांची गैरहजेरी मागतात, म्हणाली, कुणाची तरी चिठ्ठी लागेल. ताईंनी दिली तर चालेल का?

चिठ्ठी मी लिहिली. दुसऱ्या दिवशी साडेसात वाजता मी आणि ती विद्यार्थिनी दोघी शाळेत गेलो. हेडमास्तरांशी ती बोलली, मी बाकावर बसून होते. दोनदा ती अडली आणि माझ्याकडे वळली. पहिल्यांदा मी मदत केली, दुसऱ्यांदा नाही. मुलाला पाचवीतच बसवून घेतले. तो आमच्याबरोबर बाहेर आला नाही, घंटा झाली होती.